हात कोणासाठी उघडला

माझा जळफळाट एका खर्ऱ्याच्या पन्नीपासून सुरू झाला, असं मी लेकीला फोनवर सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तो लग्नापासूनचा आहे.

लग्न होऊन या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ऊन उतरलं की आमचे हे चपला घालतात आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसतात. तिथे त्यांचा मित्र, ज्याला मी भाऊजी म्हणते, आधीच येऊन बसलेला असायचा. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, शेजारी शेजारी, दोघं एकाच शाळेत शिकलेले, आणि दहावीला एकाच वर्षी गणितात आपटलेले. रोज सकाळी शेतात भेटायचंच, तरी संध्याकाळी पुन्हा पाळीवर. काय बोलता इतकं, असं मी विचारायचे. हे म्हणायचे, काही नाही, असंच. असंच म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही. मला सवत नव्हती. मला हा माणूस होता.

आणि त्यांच्यामध्ये खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, बांधलेली ती वस्तू आमच्याकडे प्रत्येक पानठेल्यावर मिळते, बंदी असो नसो. तिची एक रीत आहे. दुसऱ्याच्या पन्नीत कोणी बोटं घालत नाही. ज्याचा खर्रा तो म्हणतो, "आन हात." समोरचा तळहात पसरतो आणि तो त्यावर चिमूटभर टाकतो. मित्र विकत आणायचा, आमचे हात पसरायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायचे. मुलांना तंबाखूचे तोटे तोंडपाठ करून घ्यायचे आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या खिशातून पन्न्या काढायचे. सांगायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी धान कापणी चालू असताना एका सकाळी यांच्या हातातून दातांचा ब्रश पडला. उचलायला वाकले ते वाकलेच. तोंड एका बाजूला गेलं होतं. आम्ही गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू आला, काठी घेऊन चालू लागले. बोलणं दोन शब्दांवर थांबलं. एक "हो" आणि एक "चाल", म्हणजे चल. भूक लागली तरी चाल, झोप आली तरी चाल. उजवा हात मात्र मुठीसारखा मिटून छातीशी बसला तो बसलाच. नखं तळव्यात रुतायची. मी रोज ती मूठ एकेक बोट धरून उघडायचे, आत पावडर लावायचे, आणि हात सोडला की ती पुन्हा मिटायची.

फिजिओथेरपी करणारी मुलगी गोंदियाची. निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलायची, मला आंटी आणि यांना अंकल म्हणायची. तिने कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला दोन चिकट पॅड लावले आणि डब्याएवढ्या मशीनचं बटन हळूहळू फिरवलं. लाल दिवा लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती मूठ उघडली. बोटं सरळ झाली. दिवा विझला, मूठ मिटली. पुन्हा दिवा, पुन्हा बोटं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. मला वाटलं, झालं काम.

तिने मला समजावून सांगितलं. करंट स्नायूला बाहेरून हलवतो, यात अंकलचं काही कर्तृत्व नाही. पण बोटं हलली, झिणझिण्या आल्या, ताण पडला, ही खबर वर मेंदूला पोचते. हाताचा कारभार बघणारी जी जागा गप्प पडली आहे, तिच्या आसपास पुन्हा हालचाल सुरू होते. आणि नेमकं त्याच वेळी अंकलनी स्वतःहून हात उघडायचा प्रयत्न केला, तर मेंदू जास्त कामाला लागतो. वरून हुकूम आणि खालून हालचाल, दोन्ही एकत्र यायला हवं. जुना रस्ता तुटला आहे, मेंदू दुसरा शोधू शकतो, पण त्याला शोधावंसं वाटलं पाहिजे. किती येईल ते मी सांगू शकत नाही, असंही तिने स्पष्ट सांगितलं. सुरुवातीचे महिने मोलाचे, नंतर हात अवघड होत जातो.

ते मोलाचे महिने मी वाया जाऊ देणार नव्हते. तसलंच छोटं मशीन घरी आणलं. सकाळी आणि दुपारी सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, यांना खुर्चीवर बसवायचं, हाताखाली उशी ठेवायची आणि मशीन लावायचं. दिवा लागला की मी म्हणायचे, उघडा, उघडा, आणि माझा हात त्यांच्या हातावर ठेवून बोटं सरळ करायचे. पहिलीतल्या पोरांचा हात धरून अ गिरवून घेतलाय मी आयुष्यभर. असाच शिकतो हात, दुसरं मला माहीत नव्हतं. हे समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचे. करंट गेला की हात पुन्हा मुठीत. बाकी सगळंही मीच करायचे. घास भरवणं, तोंड पुसणं, बटनं लावणं, औषधाची गोळी जिभेवर ठेवणं. खरं सांगते, त्यात मला सुखही होतं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा हे संध्याकाळी घरी होते.

मित्र यायचाच. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस तो असाच आला. यांच्या हाताला मशीन लावलेलं होतं, मी आत चहा ठेवत होते. सपरीतून त्याचा आवाज आला, "आन हात."

मी कप तसाच ठेवून दारात आले. आणि जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. मशीनचा लाल दिवा विझलेला होता. करंट नव्हता. आणि यांची बोटं उशीवर हळूहळू, थरथरत, एकापाठोपाठ एक सुटत होती. मग दिवा लागला आणि हात पुरता उघडला. मित्राने त्यावर चिमूटभर खर्रा टाकला आणि थोडा आपल्या तोंडात टाकून पाळीच्या दुरुस्तीचं काही सांगू लागला, जणू यात विशेष काही घडलंच नव्हतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो खर्रा त्या तळव्यावरून झटकला, पन्नी हिसकावून नालीत फेकली आणि तोंडाला येईल ते बोलले. याच विषाने हा माणूस असा झाला आणि तुम्ही त्याला तेच चारता, लाज नाही वाटत. भाऊजी खाली बघत म्हणाले, "मी तं इसरूनच गेलो, वयनी. रोजच्यावानी हात मागितलो."

ते विसरले होते की यांना लकवा झाला आहे. मी एक क्षणही विसरू शकत नव्हते. त्याचाही मला हेवा वाटला.

फिजिओवाल्या मुलीला फोन केला तर ती खूश. हात उघडायला कारण मिळालं, म्हणाली. करंट येण्याआधी हुकूम सुटला, आंटी, ये बहुत बडी बात है. मी फोन ठेवला आणि यांच्याकडे बघत बसले. चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवले, माझ्या हातून पाणी प्यायले, मी यांच्यासाठी उपास केले, आणि यांच्या मेंदूला हात उघडावासा वाटला तो कशासाठी, तर खर्ऱ्यासाठी. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, ते आपले "चाल, चाल" करत होते.

पण हात महत्त्वाचा होता. मी भाऊजींना निरोप दिला, या, पण पन्नीत बडीशेप आणा. तंबाखूचा कण दिसला तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही. ते निमूट बडीशेप घेऊन आले. मी मशीन लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. मनातून मला वाटत होतं की हात उघडू नये. म्हणजे सगळा दोष तंबाखूचा ठरला असता आणि निदान एका माणसाने मला हरवलं नाही असं झालं असतं.

"आन हात," भाऊजी म्हणाले. हात उघडला. आधीपेक्षा लवकर उघडला.

म्हणजे तंबाखू नव्हतीच. तो माणूसच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार लावून घेतलं, तीच पन्नी, तीच बडीशेप घेतली आणि खुर्चीपुढे बसले. मशीन लावलं. "आणा हात," म्हटलं. काही नाही. "आन हात," म्हटलं, अगदी भाऊजींसारखं घसा खाकरून. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने हसले. फार दिवसांनी हसले. पण मूठ मिटलेलीच राहिली, आणि दिवा लागल्यावर उघडली ती करंटने उघडली, दिवा विझताच मिटली. मी पन्नी ठेवली आणि मशीनचं बटन फिरवलं. वर, आणखी वर. हात असा उघडला की बोटं मागे वळली. मला क्षणभर बरं वाटलं. बघा, माझ्यासाठीसुद्धा उघडतो. मग हे कण्हले, डोळे मिटून घेतले, आणि पॅडखालची कातडी लालबुंद झालेली दिसली. मी घाईघाईने बटन बंद केलं.

गोंदियाला गेल्यावर त्या मुलीने लाल डाग पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "आंटी, करंट वाढवून ब्रेन लवकर शिकत नाही. सिर्फ दर्द होता है. हात तुम्ही उघडला, अंकलनी नाही." मी म्हटलं, मग त्या मित्रासाठी कसा उघडतात. ती म्हणाली, ते मला ठाऊक नाही, तुम्हीच बघा, तो काय वेगळं करतो.

मी बघू लागले. हेव्याने पाहणारा माणूस फार बारीक पाहतो. भाऊजी यायचे, खुर्ची ओढायचे, आणि बोलत सुटायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी यंदा कधी सुटणार, नागझिऱ्याच्या जंगलातून रानडुकरं उतरली, त्यांनी कोणाची बांधी उकरली. उत्तराची वाट बघायचे. "हो" आलं की पुढे बोलायचे, "चाल" आलं तरी पुढे बोलायचे. "आन हात" म्हटलं की हात पुढे यायला कितीही वेळ लागो, पन्नी तशीच धरून बसायचे आणि त्या हाताकडे बघायचेही नाहीत. यांच्या तोंडावरून लाळ आली तरी ते पुसायचे नाहीत. मला राग यायचा. असला कसला मित्र, माणसाची लाळ पुसता येत नाही. मी मध्ये येऊन पदराने पुसून जायचे, आणि ते दोघंही त्या वेळी गप्प बसायचे. मी आत गेले की पुन्हा सुरू. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या सपरीत, मी त्यांच्या तलावाच्या पाळीवर चुकून आलेल्या परक्या बाईसारखी झाले होते.

उन्हाळा लागताना भाऊजी बालाघाटला गेले. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं, बायको आधीच गेली होती, ते नंतर गेले. निरोप घ्यायला आले तेव्हा मी चिवडा बांधून दिला आणि वाटेल तितके दिवस राहा म्हटलं. यांनी फाटकाकडे बघून "चाल" म्हटलं, तेव्हा मात्र भाऊजींना लवकर उठवेना. मला आनंद झाला होता. झाकून काय उपयोग. आता हात जो काय येईल तो माझ्यामुळे येईल, तो माणूस परत येईल तेव्हा मी त्याला दाखवीन, असं मी ठरवलं होतं.

हात येईना. सकाळ-दुपार मशीन चालू होतं, मी बटन योग्य जागेच्या वर फिरवत नव्हते, बोलत होते, पाण्याच्या गोष्टी सांगत होते, ज्यातलं मला काही कळत नव्हतं. हे फाटकाकडे बघायचे. मोलाचे महिने चालले होते आणि बोटं पुन्हा घट्ट होत होती. भाऊजींच्या असण्याने जळायचे, आता नसण्यानेही जळू लागले.

त्या दुपारी मशीन लावलेलंसुद्धा नव्हतं. गावात लाईन नव्हती, मशीनचं चार्जिंग संपलं होतं. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून यांना वरणभात भरवत होते. घास द्यायचा, पदराने हनुवटी पुसायची, पुन्हा घास. यांनी मान फिरवली. मी हनुवटी धरून मान सरळ केली आणि घास पुढे केला. पुन्हा फिरवली. मी म्हटलं, अहो, दोनच राहिलेत, उगाच हट्ट करू नका. आणि पदर घेऊन तोंड पुसायला गेले.

तेव्हा तो हात उठला. छातीशी बांधल्यासारखा असलेला तो हात मांडीवर आला, तिथून वर आला, फार हळू, कोपर थरथरत होतं. बोटं सुटत होती. अंगठा सर्वात शेवटी सुटला. तो तळवा माझ्या मनगटावर येऊन टेकला आणि त्याने माझा हात बाजूला सारला. जोर कसला, एखाद्या बाळाचा असेल. पण सारला. मी हात मागे घेतला तरी तो तळवा हवेत तसाच उघडा होता.

"मी," हे म्हणाले.

तिसरा शब्द. इतक्या महिन्यांत हो आणि चालनंतरचा तिसरा शब्द.

मला काय वाटलं ते मी नीट लिहायचा प्रयत्न करते. आनंदाने ऊर भरून आला हे खरं. आणि त्याच वेळी ते मला लागलंही. त्या माणसासाठी हात उघडला तो घ्यायला उघडला. माझ्यासाठी उघडला तो मला थांबवायला. या मेंदूने मशीनशिवाय, कोणाच्या मागण्याशिवाय पहिला पुरा हुकूम दिला, तो बायकोला दूर करायचा.

मी फोन करून त्या मुलीला सांगितलं. रडत सांगितलं, म्हणून ती आधी घाबरली. मग तिने दोनदा विचारलं, मशीन नव्हतं ना, पक्कं नव्हतं ना. मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, "तो हुकूम पूर्ण वरून आला, आंटी. कशासाठी आला, ते सोडा." ते सोडणं तिला सोपं होतं.

मी ताट यांच्यापुढे सरकवलं. चमचा डाव्या हातात त्यांनीच घेतला, उजवा हात ताटाच्या काठाला टेकवला, ताट सरकू नये म्हणून. अर्धा भात शर्टावर सांडला, वरण धोतरावर गेलं. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसून राहिले.

नंतर सगळं असंच चाललं. बटनं ते लावतात, एखादं चुकीच्या काजात जातं. मशीन लावायचं काम माझं, पण उघडा उघडा म्हणत नाही आता, गप्प बसते. हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही कदाचित. पण कप धरतो, काठी धरतो, दाराची कडी सरकवतो.

भाऊजी पावसाळ्याच्या आधी परत आले. आल्या आल्या सपरीत बसले, पन्नी काढली आणि म्हणाले, "आन हात." मशीन नव्हतं, पॅड नव्हते. हात पुढे झाला, बोटं उघडली, बडीशेप घेतली आणि तोंडात टाकली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला हाका मारत आत आले, "वयनी, पाहा, बिगर मशीनचा उघडला, माह्यासाठी उघडला." संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं. पाळीवर, पानठेल्यावर, सहकारी सोसायटीत. लोक मला येऊन सांगू लागले की मैत्री असावी तर अशी.

मी सगळ्यांना चहा दिला. त्या दुपारचं मी भाऊजींना सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. बिगर मशीनचा तो हात पहिल्यांदा माझ्यासाठी उघडला होता. मला ढकलायला का असेना, पण माझ्यासाठी, आणि ते मी त्या माणसाला देणार नाही.